सोडलेल्या दोराची कविता

विलो क्रीक, नेवाडा
९ ऑक्टोबर १९८८

चि. डेल्बर्ट यास,

अ. आ. वि. वि. आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. मनात काय आहे ते पुढे वाच.

मंगळवारी मी चाऱ्याच्या दुकानात गेले होते. मॅक्सीनने रेडिओ मोठा केला आणि हात हलवून मला बोलावलं, आर्लेटा लवकर ये, तुझा भाऊ लागलाय. दुकानात पाच-सहा जण होते, सगळे गप्प झाले. तुझा आवाज आला. आवाजाबद्दल मी काही म्हणत नाही. लहानपणी तू कुंपणावर बसून गायचास तेव्हा गाई चरायच्या थांबायच्या, तो आवाज अजून आहे. पण तुझ्या त्या मंचावरच्या नावाने तू म्हणालास काय? बाईमाणसांनो आणि बाप्यांनो, आता टेक्स प्रुएट तुम्हाला स्वतः रचलेली एक कविता ऐकवणार, बर्फावरचा बैल.

स्वतः रचलेली! मी वजनकाट्याला टेकून उभी होते म्हणून पडले नाही.

ती कविता ऑर्वीकाकांची आहे हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, वर देवाला माहीत आहे. चाळीस वर्षं हा माणूस आपल्याकडे गुरं राखतोय. बाबा गेल्यावर पगार मिळायचा नाही हे माहीत असून राहिला. तुला घोड्यावर त्याने बसवलं, मला नालबंदी त्याने शिकवली. दर वर्षी तळं पहिल्यांदा पक्कं गोठलं की रात्री जेवण झाल्यावर तो शेगडीपाशी उभा राहतो, टोपी काढतो आणि ती कविता म्हणतो. वर्षातून एकदा. आपल्या घरच्यांपुढेच. त्याला लिहिता येत नाही, म्हणून ती कागदावर नाही. कागदावर नाही म्हणून तिला मालक नाही, असं तुला नॅशव्हिलला कुणी शिकवलं का?

आपल्याकडची रीत तुला नव्याने सांगायला हवी का? कुणाचीही कविता कुणीही म्हणावी, त्यात लाज नाही. पण तोंड उघडल्यावर पहिलं नाव ज्याने रचली त्याचं घ्यायचं. वासरांच्या डागणीच्या शेकोटीपाशी दारू प्यायलेला माणूससुद्धा हे विसरत नाही. तू शुद्धीत विसरलास.

आणि म्हटलीस ती म्हटलीस, मोडून म्हटलीस. राखाडी घोडीचा काळा घोडा केलास. दोराच्या वेढ्याच्या जागी गाठ घातलीस. आणि शेवट! शेवटाबद्दल लिहायला बसले तर कागद फाटेल.

घरी आले तर ऑर्वीकाकांनीपण ऐकलं होतं. खोलीत त्यांचा छोटा रेडिओ असतो. बीन्सचा वाडगा तसाच, चमचा पालथा. मी म्हटलं, मी त्याला आजच लिहिते. तर म्हणाले, पोराचा आवाज भरलाय छान. बस. एवढंच. मग मला म्हणाले, घोडी राखाडी होती गं.

त्यांची फुप्फुसं गेली आहेत. डॉक्टर म्हणतो वसंत बघतील असं वाटत नाही. जानेवारीत कॉटनवुडला काउबॉय कवींचा मेळावा आहे आणि मोठ्या अक्षरांत तुझं नाव छापलंय, मॅक्सीनच्या दुकानाच्या दारावरच चिकटवलंय. तिथे सातशे माणसांपुढे तू ऑर्विल टिबेट्स हे नाव घ्यायचं आणि कविता जशी आहे तशी म्हणायची. एवढी एकच गोष्ट मागतेय. एकोणचाळीस वर्षांत दुसरं काही मागितलं असेल तर सांग.

बाकी सगळं ठीक. गाई माळावरून खाली आणल्या. तुझ्या खोलीचं छप्पर गळतंय, गळू दे.

कळावे. लोभाचं तुझं उत्तर आल्यावर बघू.

तुझी बहीण,
आर्लेटा


टल्सा, ओक्लाहोमा
२१ ऑक्टोबर १९८८

ती. आर्लेटाताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र चार गावं फिरून मला बसमध्ये मिळालं. वाचताना ड्रायव्हरने विचारलं, कोण मेलं का? मी म्हटलं अजून नाही, पण बहीण प्रयत्नात आहे.

ताई, रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण जेवून घेऊन रागाव. मंचावर माणूस बोलतो ते सगळं शपथेवर नसतं. निवेदक कागद देतो, आपण वाचतो. माझ्या शर्टाच्या झालरी खऱ्या गुरांच्या कातड्याच्या आहेत असंही त्या कागदावर असतं.

तू तिथे आहेस, तुला इथलं कळणार नाही. सोळाव्या वर्षी मी रोडिओवाल्यांच्या ट्रकमागे बसून गेलो. बैलांच्या दोन फेऱ्यांमध्ये लोक शेंगा आणायला उठतात तेव्हा गायलो. रीनोच्या जुगारघरात गायलो, तिथे यंत्रांचा आवाज माझ्याहून मोठा. एक गाणं चाललं, सदुसष्ट साली, एकच. त्यानंतर वीस वर्षं जत्रा, बटाट्याचे उत्सव, ट्रॅक्टरच्या दुकानांची उद्घाटनं. आणि आता चार वर्षांपूर्वी लोकांना अचानक काउबॉयची कविता हवीशी झाली. मिशी पांढरी झाली ती कामाला आली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझं नशीब उघडलंय, गं. नव्या रेकॉर्डचं नावच ‘बर्फावरचा बैल’ आहे. वेष्टन छापून झालं, त्यावर शब्द माझे म्हणून छापलंय. कंपनीला आता काय सांगू?

शिवाय ऑर्वीकाकांची तरी किती आणि माझी किती? निम्म्या ओळी मी बदलल्या. गाठ का, म्हणतेस? लोकांना न सोडणारा माणूस हवा असतो. वेढा म्हटलं की समजावून सांगावं लागतं, तोवर टाळ्या थंड होतात.

काकांना चांगली तंबाखू पाठवतोय, तू त्यांना ओढू देणार नाहीस हे माहीत असून. तुला टोपी. आतल्या पट्टीवर माझं नाव सोनेरी अक्षरांत आहे, हसू नकोस.

मोठ्यांनी लहानांवर लोभ ठेवायचा असतो, आठवण करून देतोय.

तुझा,
डेल्बर्ट


विलो क्रीक
५ नोव्हेंबर १९८८

चि. टेक्स प्रुएट यास (टेक्सास तू रेल्वेच्या खिडकीतून पाहिलंस, तेही रात्री),

अ. आ. वि. वि. टोपी मिळाली. गोठ्यात उलटी ठेवली होती, मांजर त्यात व्याली. चार पिल्लं आहेत. सोनेरी अक्षरांवर.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. माझी शाळा सहावीत सुटली, तेव्हा वाटलं मला नीट कळलं नसेल. कळलं होतं.

तुला सगळं आयतं मिळालं म्हणून आता मी तुला तुझ्याच घरचं सांगते, गोष्टीसारखं, म्हणजे तुला समजेल. एकोणपन्नासच्या जानेवारीत आपला एक बैल तळ्याच्या बर्फावर गेला. बाबा, ऑर्वीकाका आणि मी, तीन घोडे. मी तेराची होते. तू घरात गोवर अंगावर घेऊन झोपला होतास. दोघांनी बैलावर दोर टाकले, ओढून काठाला आणायचा म्हणून. ऑर्वीकाका काठावर होते, बाबा थोडे आत, बर्फावर. बाबा टेक्सासचे. तिकडची रीत काय, दोराचं टोक खोगिराच्या खुंटाला आधीच गाठ मारून बांधायचं. आपल्या इकडची रीत काय, दोर टाकल्यावर खुंटाला हाताने वेढे द्यायचे, म्हणजे वेळ आली तर सोडता येतो. यावरून दोघं रोज भांडायचे. बाबा म्हणायचे वेढा देणारा भित्रा. काका म्हणायचे गाठ मारणारा मूर्ख.

बर्फ फुटलं. बैल खाली गेला. दोन्ही दोर ताणले. काकांची घोडी गुडघ्यांवर आली, अंगठा वेढ्याखाली सापडला आणि तुटून गेला. आणि त्यांनी दोर सोडला. सोडला, डेल्बर्ट. मग बैलाचा सगळा भार बाबांच्या दोरावर आला, तो बांधलेला होता, आणि चाकू त्यांच्या दोन कोटांच्या आत होता. बाबा, घोडा, बैल. मी मोजलं नाही, पण फार वेळ लागला नाही.

ही ती कविता. काका म्हणतात ती शौर्याची नाही, कबुलीची आहे. दर वर्षी तो माणूस आपल्या तोंडावर उभा राहून सांगतो, तुमचा बाप बुडाला तेव्हा दोर मी सोडला होता. तू त्याचं काय केलंस? तुझा काळा घोडा पाय रोवतो, तुझा शूर माणूस गाठ सोडत नाही, मित्राला ओढून काढतो, वर बैलालापण काढतो! आणि अंगठा? गाठ मारली तर तुझ्या माणसाचा अंगठा जातो कशाला? चाऱ्याच्या दुकानात म्हातारा डूली हसला की, टेक्सने कधी दोर धरलाय का गळ्यातल्या रुमालाखेरीज. मीपण हसले असते. माझा भाऊ नसतास तर.

चोरी केली असतीस तर शेरीफला सांगितलं असतं आणि मोकळी झाले असते. तू कबुलीची बढाई केलीस. यासाठी काय शिक्षा आहे ते मला माहीत नाही, मी शोधतेय.

बाबांचं दुसरं खोगीर विकून तुला गिटार मी घेऊन दिली. मला ते परत नको. मला मेळाव्यात ते नाव ऐकायचंय, आणि म्हातारा ते ऐकायला उरला नाही तरी ऐकायचंय. तू घेतलं नाहीस तर मी मधल्या रांगेत उभी राहून घेईन. माझा आवाज गाई थांबवत नाही, पळवतो, हे तुला आठवत असेल.

रागाचा लोभ असावा, दुसरा सध्या शिल्लक नाही.

आर्लेटा


विलो क्रीक
१९ नोव्हेंबर १९८८

डेल्बर्ट पोरा,

ऑर्विल टिबेट्सचा राम राम. हे आर्लेटा लिहून घेतेय. मी सांगतो तसंच लिही म्हणून मी तिला शपथ घातलीय. (लिहितेय. पण मला पटत नाही ते कंसात लिहीन, अशी मीपण शपथ घातलीय. आ.)

तुझी कविता मी तीनदा ऐकली. मॅक्सीनने टेप करून दिली. आवाज चांगला लावतोस. मधे श्वास घेतोस ती जागा बरोबर आहे, मी तिथेच घ्यायचो. आता कुठेही घेतो.

तुझी बहीण म्हणते मी रागवायला हवं. (हवंच.) मी रागावून बघितलं, खोकला येतो. मला नावाचं फार नाही. नाव आपल्या थडग्यावर येतंच, फुकट. पण घोडी राखाडी होती आणि तिचं नाव पेनी होतं. तिने त्या दिवशी गुडघे फोडून घेतले. तिला काळा घोडा करणं बरं नाही. मादी होती, आणि चांगली होती.

गाठीचं म्हणशील तर ते लाइलला आवडलं असतं. तुझा बाप गाठीच्या बाजूने मरेपर्यंत भांडला. (काका हसले आणि मग दहा मिनिटं खोकले. हे लिही म्हणाले नाहीत, मी लिहितेय.)

एक विचारायचं होतं. तुझ्या शेवटात तो माणूस वर येतो. तू ते कसं केलंस? मी एकोणचाळीस वर्षं रचतोय, माझ्याच्याने तो एकदाही वर आला नाही.

जमलं तर तळं गोठेल तेव्हा ये. या वर्षी मला एकट्याला उभं राहून म्हणणं जमायचं नाही.

(मी याच्याखाली आणखी काही लिहिणार होते. राहू दे. ये. आ.)

तुझा जुना,
ऑर्वी


नॅशव्हिल, टेनेसी
२ डिसेंबर १९८८

ती. आर्लेटाताईस,

सा. न. वि. वि. काकांचं पत्र आल्यापासून मी तीन कार्यक्रम केले आणि तिन्हीत ती कविता गाळली. संयोजकांनी शिव्या घातल्या. घालू देत.

ताई, तुला एक गोष्ट सांगतो, ती मी कुणालाच सांगितलेली नाही, दोन्ही बायकांनाही नाही. तू म्हणतेस मी शेवट बदलला. मी बदलला नाही. मला कवितेचा खरा शेवट माहीतच नाही.

काका दर वर्षी म्हणायचे तेव्हा मी टेबलाच्या त्या बाजूला बसायचो, भिंतीकडे, तुला आठवेल. बर्फ फुटायची ओळ आली की मी कान दाबून धरायचो. कोपर टेबलावर आणि तळवे कानांवर, म्हणजे दमून बसल्यासारखं दिसायचं. काकांचे ओठ हलताना दिसायचे आणि आत मी माझं म्हणायचो. माझ्यात काळा घोडा यायचा. माझ्यात बाबा वर यायचे, मिशीला बर्फ लागलेलं, आणि म्हणायचे डेल्बर्ट, कॉफी ठेव. दर वर्षी दोन ओळी वाढवायचो. सोळाव्या वर्षी घर सोडलं तोवर ती पुरी झाली होती.

तू तिथे होतीस. तू डोळ्यांनी पाहिलंस, म्हणून तुला ऐकता येत होतं. मी गोवर घेऊन झोपलो आणि उठलो तर बाबा नव्हते. मला कुणी दाखवलं नाही.

हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. नाव मी घ्यायला हवं होतं. पहिल्यांदा बारमध्ये म्हटली तेव्हा घ्यायला हवं होतं, तेव्हा टाळ्या आल्या आणि राहिलं, मग प्रत्येक वेळी उशीर होत गेला. कंपनीला कालच सांगितलं की नाव बदला. ते म्हणतात वेष्टन छापलंय, वकील काय म्हणतो बघू. बघू देत.

शेवटची कडवी मला लिहून पाठव. मेळाव्यात म्हणायची तर पाठ करायला हवीत.

लोभ मागत नाही, कडवी तेवढी मागतो.

डेल्बर्ट


विलो क्रीक
८ डिसेंबर १९८८

चि. डेल्बर्ट,

अ. आ. वि. वि. कडवी लिहून पाठवणार नाही. कागदावर दिली तर तू ती सुधारशील.

कान दाबायचास हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तुला झोप येतेय, म्हणून मी टेबलाखालून लाथा मारायचे. त्या लाथांबद्दल वाईट वाटतंय. बाकी कशाबद्दल नाही.

आणि तुला कुणी दाखवलं नाही म्हणतोस, मला कुणी विचारलं होतं का, बघायचंय का म्हणून? तेरा वर्षांची होते. रात्री घरी येऊन तुझ्या अंगाला सोड्याचं पाणी मीच लावलं. तू विचारलंस बाबा कुठे आहेत, मी म्हटलं झोप. दुसरं काय म्हणणार होते? माझ्याकडे कविता नव्हती.

तळं परवा रात्री गोठलं. काल म्हातारा उठून शेगडीपर्यंत गेला, टोपी काढली आणि बसला. म्हणाला, पोर येईपर्यंत थांबतो. तुझे कार्यक्रम रद्द कर. खिंड अजून उघडी आहे, मी बर्फ ढकलणाऱ्या माणसाला विचारलंय.

ऑर्वीकाका जिवंत असेपर्यंत ती कविता त्यांच्या तोंडून ऐकायची. ते समोर असताना मी म्हणणार नाही, आपल्या घरात तशी रीत नाही.

तू आलास तर लोभ, नाही आलास तर राम राम.

आर्लेटा


विलो क्रीक
३० डिसेंबर १९८८

चि. डेल्बर्ट,

अ. आ. वि. वि. तार मिळाली असेलच. ऑर्वीकाका बुधवारी सकाळी गेले. मी दूध तापवायला गेले तेवढ्यात. तुझ्या फुलांचा खर्च वाया गेला, इथपर्यंत येईतो ती गोठून काळी झाली. पण पाठवलीस हे बरं केलंस.

जमीन गोठलीय, खड्डा खणायला डूलीच्या पोरांनी दोन दिवस टायर जाळले. तळ्याच्या वरच्या अंगाला, बाबांजवळ. जवळ म्हणजे भांडता येईल इतकं.

आता माझं ऐक. तू सतरा तारखेला आलास, दोन दिवस राहिलास, गेलास, आणि त्या दोन दिवसांत मी एक शब्द बोलले नाही कारण घरात मरणारं माणूस होतं. आता नाही, तेव्हा बोलते.

तुम्ही दोघांनी मिळून माझं काय केलंत! दोन महिने मी खरी कविता, खरी कविता म्हणून जिवाचा आटापिटा करतेय. तू दोन हजार मैलांवरून आलास, त्या म्हाताऱ्याच्या उशाशी स्टूल घेऊन बसलास, म्हणालास काका म्हणा, या वेळी मी ऐकतो. मी दारात परात घेऊन उभी. आणि तो म्हातारा काय म्हणाला? की दम नाही पोरा, तूच तुझी म्हण. तुझ्यातला शेवट. आणि तू म्हटलीस! आणि त्याने परत म्हण म्हटलं. आणि परत म्हटलीस! तीन वेळा माझा बाप तुझ्या त्या खोट्या तळ्यातून वर आला आणि तीन वेळा त्या म्हाताऱ्याने डोळे मिटून मान डोलावली. परात मी फेकली नाही एवढंच.

तू गेल्यावर मी त्यांना विचारलं. मरत्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण मी भांडले. मी म्हटलं, आयुष्यभर आम्हाला खरं सांगितलंत आणि मरताना खोटं ऐकलंत, हे काय? तर म्हणाले, खरं मला पाठ आहे, आर्लेटा. ते ऐकायला कुणी यावं लागत नाही. त्याच्यात लाइल बाहेर येतो, म्हणून ऐकलं.

मग थोड्या वेळाने म्हणाले, पण माझी एकदा लोकांपुढे म्हणा. चाळीस वर्षं तुम्हा दोघांनाच सांगितलं. तुम्ही पोरं होतात. पोरांपुढे कबुली देणं सोपं असतं.

ही त्यांची शेवटची मागणी, आणि आता माझी. मेळावा सत्तावीस तारखेला. तुझी कडवी रेडिओवर काय वाजवायची ती वाजव, पण त्या सभागृहात त्यांची म्हटली जायला हवीत, त्यांच्या नावाने. ती तुला येत नाहीत, आणि मी लिहून देणार नाही, आणि शिकवायला नॅशव्हिलला येणार नाही, इथे गाई विणीला आल्यात. तुझं तू बघ.

मी अजून रागावलेय. कुणावर ते नीट कळत नाही, म्हणून तुझ्यावर.

लोभाचं सोड, वेळेवर ये.

आर्लेटा


नॅशव्हिल
११ जानेवारी १९८९

ती. ताईस,

सा. न. वि. वि. येतो. नाव घेईन. पुढचं काय ते तिथे बघू. तू पुढच्या रांगेत बस, मागे दारापाशी उभी राहू नकोस.

कंपनीने रेकॉर्ड थांबवली आहे. पुन्हा काढतील की नाही माहीत नाही.

डेल्बर्ट


विलो क्रीक
२ फेब्रुवारी १९८९

चि. डेल्बर्ट,

अ. आ. वि. वि. तू मला फसवलंस, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुढच्या रांगेत बस म्हणालास, मी बसले. सकाळी एका गाईचं वासरू आडवं आलं होतं, ते काढून तशीच गाडी हाणत आले होते, बुटांना शेण, बाहीला काय होतं ते मी सांगत नाही. शेजारी टोपीला पिसं लावलेली एक बाई होती, ती एक खुर्ची सरकली.

तू आलास. झालरींचा शर्ट घातला नव्हतास, ते मी बघितलं. माईकपाशी उभा राहिलास, टोपी काढलीस आणि म्हणालास, ही कविता ऑर्विल टिबेट्सची. त्याने ती एकोणपन्नासपासून घोड्यावर बसून रचली. मी चार वर्षं ती माझी म्हणून सांगितली, ते खोटं होतं. मागे कुणीतरी कॉफीचा कप खाली ठेवला. मॅक्सीन रडायला लागली, तिला काय, ती बैलांच्या लिलावातही रडते.

मग म्हणालास. राखाडी घोडी म्हणालास. पेनी म्हणालास. वेढा म्हणालास, आणि हाताने वेढा देऊन दाखवलास, अंगठा वर ठेवून, काकांनी आपल्याला शिकवला तसा. ते म्हणायचे, अंगठा खाली गेला की गेलाच, पोरांनो. इतकं सगळं तुझ्या हाताला आठवत होतं हे मला माहीत नव्हतं.

बर्फ फुटलं आणि तू थांबलास.

लोकांना वाटलं विसरलास. मागून कुणीतरी रेडिओवरची पुढची ओळ ओरडून सांगितली, काळ्या घोड्याची. तू मान हलवलीस. म्हणालास, ती माझी आहे, खरी ती नव्हे. खरी मला येत नाही, कारण मी कधी ऐकली नाही. माझी बहीण तिथे तिसऱ्या घोड्यावर होती. तिला येते. आणि खाली पायरीवर जाऊन बसलास!

सातशे माणसं माझ्या बुटांकडे बघत होती. त्या क्षणी तू हाताशी असतास तर मी तुला खोगिरासकट डागलं असतं. मी उठले ती रागाने उठले. मंचावर गेलेच नाही, जागेवरच वळून उभी राहिले. टोपी नव्हती, म्हणून डोक्याचा रुमाल काढला. आणि त्या रागातच म्हटली, गाई हाकायच्या आवाजात. पाच कडवी. शेवटचं तुला आता एकदाच लिहून देते, ऐकलंयस म्हणून:

दोन वेढे दिले होते, तिसरा दिला नाही,
बर्फ बोललं एकदाच, मग कोणी बोललं नाही.
अंगठा नेला दोराने, बाकी मला ठेवलं,
गाठ होती लाइलची, तिने त्याला नेलं.
विचाराल सोडला का, तर हो, मीच सोडला,
हात माझा उघडा आहे, बघा, पुन्हा नाही मिटला.

डूली उठून उभा राहिला, त्याने टोपी काढली, मग एकेक करून बाकीचे. काठावर दोर धरून उभे राहिलेले पुष्कळ जण असतात त्या सभागृहात, हे मला तेव्हा कळलं.

पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते. कडवं म्हणताना पूर्ण वेळ मी पायरीवर तुझ्याकडे बघत होते, तुझे हात कुठे आहेत ते. मांडीवर होते. शेवटपर्यंत मांडीवर होते.

नंतर तू रडलास आणि माझ्या त्या बाहीला तोंड पुसलंस. वासराचं होतं ते. आता कळलं असेल.

तुझ्या छपरावर पत्रा टाकला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात डागणी आहे, एकशे तीस वासरं, माणसं कमी आहेत. ये. झालरी नकोत. मांजरीची पिल्लं टोपीतून बाहेर पडलीत, टोपी धुऊन ठेवलीय, ती घाल. दोराला गाठ मारायची नाही. दोन वेढे, आणि अंगठा वर.

लोभ आहे, विचारत बसू नकोस.

तुझी बहीण,
आर्लेटा